हॅरो की लेस्टर?

सहकुटुंब इंग्लंडला येणाऱ्या माझ्या धाकट्या दिरांना लंडनच्या वायव्य भागातल्या हॅरोत राहावे की मध्य इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात, हा प्रश्न पडला आहे. आम्ही दोन्हीकडे संसार केला. हॅरोत दोन खोल्यांना जेवढे भाडे देत होतो, तेवढ्यात लेस्टरला परसबागेसह घर मिळाले. प्रवासात मात्र हॅरो सरस, कारण भुयारी रेल्वेच्या मेट्रोपॉलिटन लाइनने मध्य लंडनमधले बेकर स्ट्रीट अर्ध्या तासात गाठता येते, तर लेस्टरहून रेल्वेने लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकाला पोहोचायला तासाहून अधिक वेळ लागतो. सरकारी शाळा दोन्हीकडे मोफत.

मला सर्वांत मोलाचा वाटला तो मराठीचा सहवास. १९३२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र मंडळ लंडनची वास्तू डॉलिस हिलला, म्हणजे हॅरोहून जवळ आहे, आणि मुलीची मराठी टिकली ती तिथल्या गणेशोत्सवामुळे. लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर डाळीपिठे सहज मिळतात, पण कानावर पडते ती गुजराती.

रोज लंडनला जायचे असेल किंवा मुले लहान असतील तर हॅरो घ्यावे; घरूनच काम असेल आणि शिल्लक टाकायची असेल तर लेस्टर.