दिरहम, सिंगापूर डॉलर की पाउंड: परदेशातली ऑफर निवडताना करन्सीकडे कसं बघायचं

दुबई, सिंगापूर, लंडन. यातल्या दोन किंवा तिन्ही ऑफर हातात असल्या की आपल्याकडे पहिलं काम एकच होतं, मोबाईलवर आजचा रेट बघायचा, पगाराला गुणायचं आणि ज्याचे रुपये जास्त तिकडे निघायचं. गुणाकार चुकत नाही हो, पण तो आजच्या तारखेपुरता खरा असतो आणि तुम्ही जाणार असता तीन-पाच वर्षांसाठी. या तिन्ही करन्स्या तीन वेगवेगळ्या पद्धतीने चालतात, त्या पद्धतीवर तुमची बचत किती हलणार हे ठरतं, म्हणून मी इथे फक्त तेवढंच शेजारी शेजारी ठेवणार आहे. टॅक्स, भाडं, मुलांच्या शाळा, व्हिसा हे सगळं तुम्ही वेगळं धरा, ते कमी महत्त्वाचं आहे असं अजिबात नाही.

आधी बाजार कसा चालतो ते थोडक्यात. फॉरेक्स मार्केट म्हणजे दलाल स्ट्रीटसारखी एक जागा नाही, बँका आपापसात स्क्रीनवर सौदे करतात आणि त्यातून भाव निघतो. बीआयएस नावाची संस्था (जगभरातल्या सेंट्रल बँकांची सामाईक बँक) दर तीन वर्षांनी याची मोजणी करते, त्यांच्या एप्रिल २०२५ च्या आकड्यानुसार रोजची उलाढाल साधारण ९.६ लाख कोटी डॉलर, आणि त्यातल्या जवळपास ८९ टक्के सौद्यांत एका बाजूला डॉलर असतो. आपल्या कामाचं यातलं काय, तर रुपया-दिरहम किंवा रुपया-सिंगापूर डॉलर असा मोठा थेट बाजार नसतोच, बँक आधी डॉलर-रुपयाचा भाव घेते, मग डॉलर आणि त्या दुसऱ्या करन्सीचा, आणि दोन्हींवरून तुमचा रेट काढते. म्हणजे तुमच्या पगारापासून पुण्यातल्या खात्यापर्यंत दोन टप्पे आहेत, परदेशी करन्सी ते डॉलर आणि डॉलर ते रुपया. दुसरा टप्पा तिघांनाही सारखाच, फरक आहे तो पहिल्यात.

माझा हिशोब असा: दिरहमात एक टप्पा हलतो, सिंगापूर डॉलरमध्ये दीड, पाउंडात दोन.

दिरहमापासून सुरू करते कारण तिथे समजायला सगळ्यात सोपं आणि गैरसमज सगळ्यात जास्त. १ डॉलर म्हणजे ३.६७२५ दिरहम, हा दर १९९७ पासून तसाच आहे. सौदी रियाल ३.७५ वर १९८६ पासून, ओमानचा रियाल, कतार, बहारीन सगळे असेच डॉलरला पेग केलेले, म्हणजे एका ठरलेल्या भावाला बांधलेले. तिथली सेंट्रल बँक त्या ठरलेल्या भावाने डॉलर घ्यायला-द्यायला कायम तयार असते, तेल डॉलरमध्ये विकलं जातं त्यामुळे डॉलरचा साठा येत राहतो, म्हणून हे जमतं. पण याची किंमतही आहे. पैसा मोकळेपणाने आत-बाहेर जाऊ द्यायचा आणि दरही बांधून ठेवायचा म्हटलं की व्याजदर स्वतःच्या हातात राहत नाही, नाहीतर जिथे व्याज जास्त तिकडे सगळा पैसा पळेल. म्हणून २०२२-२३ मध्ये अमेरिकेच्या फेडने, म्हणजे तिथल्या सेंट्रल बँकेने, व्याजदर शून्याच्या आसपासून ५.२५-५.५० टक्क्यांपर्यंत नेला तेव्हा अमिरातीच्या सेंट्रल बँकेला मागोमाग ५.४० पर्यंत जावंच लागलं, दुबईत महागाई अमेरिकेइतकी असो वा नसो. दुबईत घेतलेल्या फ्लोटिंग रेटच्या कर्जाचा हप्ता खरं तर वॉशिंग्टनमध्ये ठरतो.

आता गैरसमज. "दिरहम फिक्स आहे म्हणजे माझे रुपये सेफ" असं बरेच जण धरून चालतात. फिक्स आहे तो डॉलरशी, रुपयाशी नाही. २००६ च्या मध्यात डॉलर ४६ रुपयांच्या आसपास होता म्हणजे दिरहम साधारण साडेबारा, आणि २००७ च्या शेवटी डॉलर ३९ वर आला तेव्हा दिरहम पावणेअकराच्याही खाली. पगार तोच, काम तेच, आणि घरी पोचणारे रुपये दीड वर्षात पंधरा टक्क्यांनी कमी! वरून त्याच काळात दुबईत भाडी सुटली होती, महागाई दोन आकडी, आणि फेड मात्र सप्टेंबर २००७ पासून व्याज कमी करत होतं त्यामुळे दुबईतही व्याज वाढवून महागाई आवरायची सोय नाही. कुवेतने याच कारणावरून मे २००७ मध्ये डॉलरचा पेग सोडला आणि दिनार अनेक करन्स्यांच्या टोपलीला बांधला, तो आजही तसाच आहे. बाकीच्यांनी दात-ओठ खाऊन पेग धरून ठेवला.

जाता जाता एक गोष्ट, गल्फमधल्या बऱ्याच भागांत एकेकाळी चक्क आपलाच रुपया चालायचा. सोन्याच्या स्मगलिंगमुळे परकीय चलन बाहेर जायला लागलं म्हणून १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिकडच्यासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या, गल्फ रुपी. मग ६ जून १९६६ ला आपण रुपयाचं अवमूल्यन केलं, डॉलर ४.७६ वरून थेट ७.५०, आणि तिथल्या लोकांच्या खिशातल्या पैशाची किंमत काहीही न करता एका रात्रीत घसरली. त्यानंतर उरलेल्यांनीही एकेकाने रुपया सोडला, दिरहम आला तो १९७३ मध्ये. दुसऱ्याच्या करन्सीला स्वतःला बांधून घेतलं की काय होऊ शकतं हे त्यांना आपल्यामुळे कळलेलं आहे.

पेग तुटेल का हा प्रश्न येतोच. तुटू शकतो, १९९७ मध्ये थायलंडचा तुटला, पण तिथे डॉलरचा साठा संपत आला होता आणि बाहेरचं कर्ज डोक्यावर होतं. अमिरातीची स्थिती तशी नाही. २०१५-१६ मध्ये तेल पडलं तेव्हा सौदी रियालवर बाजाराने बराच सट्टा लावला होता, तरी ३.७५ हललं नाही. तीन-पाच वर्षांच्या नोकरीसाठी मी या धोक्याचा फारसा विचार करणार नाही.

सिंगापूर मला या तिघांत सगळ्यात हुशार वाटतं. तिथली मॉनेटरी अथॉरिटी, म्हणजे मास, व्याजदर ठरवतच नाही, १९८१ पासून ते करन्सीच्या दरातूनच महागाई सांभाळतात. कारण साधं आहे, एवढंसं शहर, भाजीपासून वाळूपर्यंत सगळं बाहेरून येतं, मग सिंगापूर डॉलर मजबूत ठेवला की आयात स्वस्त आणि महागाई आटोक्यात. पद्धत अशी की व्यापारातल्या भागीदार देशांच्या करन्स्यांची एक टोपली, त्या टोपलीच्या तुलनेत सिंगापूर डॉलर एका पट्ट्यात हलू द्यायचा, आणि तो पट्टा हळूहळू वर सरकवायचा. टोपलीत कोण किती आणि पट्टा किती रुंद हे सांगत नाहीत, दिशा मात्र सांगतात, २०२४ पासून दर तीन महिन्यांनी. ऑक्टोबर २०२१ ते ऑक्टोबर २०२२ या काळात महागाई वाढली तेव्हा त्यांनी पाच वेळा धोरण कडक केलं, आणि जानेवारी आणि एप्रिल २०२५ मध्ये पट्ट्याचा चढ, म्हणजे तो वर सरकवण्याचा वेग, थोडा कमी केला. म्हणजे कायम वरच जाईल अशी गॅरंटी नाही, २००८ आणि २०१६ मध्ये चढ शून्यावरही आणला होता. पण निदान सेंट्रल बँकेचा कल पगारदाराच्या बाजूने आहे असं बाकी दोघांबद्दल म्हणता येत नाही. दीड टप्पा म्हणते ते यामुळे, डॉलरशी हलतो पण मोकाट नाही.

आणि पाउंड मोकाट आहे. बँक ऑफ इंग्लंडचं लक्ष्य महागाई २ टक्के, पाउंड किती असावा याचं लक्ष्य नाही. एकदा बांधून बघितलं होतं त्यांनी, युरोपियन करन्स्यांच्या यंत्रणेत, आणि १६ सप्टेंबर १९९२ ला सट्टेवाल्यांपुढे एकाच दिवसात व्याजदर १० चा १२ करून, १५ करायची घोषणा करूनही बाहेर पडावं लागलं. तेव्हापासून फ्लोट, म्हणजे भाव बाजारावर सोडलेला. ब्रेक्झिटच्या मतदानानंतर २४ जून २०१६ ला पाउंड रात्रीतून १.५० डॉलरवरून १.३३ च्या खाली, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये ब्रिटन सरकारने मोठी करकपात जाहीर केली त्या मिनी बजेटनंतर २६ तारखेला १.०४ च्याही खाली जाऊन आला. परत वर आला हेही खरं, पण तुमच्या होम लोनचा हप्ता पाउंड वर यायची वाट बघत थांबत नाही ना. फी भरणाऱ्या विद्यार्थ्याला अशी पडझड फायद्याची, पगार कमावणाऱ्याला नाही, म्हणून एमएसला गेलेल्या भाच्याचा सल्ला नोकरीसाठी जाणाऱ्याने जसाच्या तसा घेऊ नये.

आता आकडे शेजारी ठेवा. २०१० मध्ये सरासरी दिरहम साधारण साडेबारा रुपये, सिंगापूर डॉलर साडेतेहतीस, पाउंड सत्तर. डिसेंबर २०२५ मध्ये डॉलरने ९० ओलांडला तेव्हा दिरहम साडेचोवीस, सिंगापूर डॉलर ६९ च्या पुढेमागे, पाउंड १२० च्या आसपास. म्हणजे दिरहम दुप्पट व्हायला जरासाच कमी, सिंगापूर डॉलर दुपटीहून थोडा जास्त, आणि पाउंड एक पूर्णांक सातपट. सगळ्यात भारी दिसणारी करन्सी सगळ्यात मागे! एक पाउंड म्हणजे १२० रुपये आणि एक दिरहम म्हणजे साडेचोवीस, यावरून कोण "मजबूत" हे ठरतच नाही, तो फक्त एककाचा आकार आहे, जपानी येन एक रुपयाहूनही लहान आहे म्हणून जपान गरीब होत नाही.

यातली बरीचशी वाढ खरं तर रुपयाची घसरण आहे, वर्षाला सरासरी साडेचार टक्के. रुपया कागदावर मार्केटने ठरतो, १९९३ पासून, पण रिझर्व्ह बँक बाजारात उतरत असते, सरकारी बँकांमार्फत डॉलर विकते-घेते आणि अमुक एक पातळी राखतोय असं कधी म्हणत नाही, फक्त जास्त चढउतार रोखतो म्हणते. नाणेनिधीने २०२३ मध्ये तर आपल्या पद्धतीला "स्थिर ठेवलेली" असंच लेबल लावलं होतं, रिझर्व्ह बँकेला ते पटलं नाही, आणि २०२५ मध्ये नाणेनिधीने ते बदलून "हळूहळू सरकणारी" केलं. तुमच्यासाठी याचा अर्थ असा की रुपया महिनोन्‌महिने शांत असतो आणि मग एकदम दोन-तीन रुपये सरकतो, शांत आहे म्हणून आता थांबलाच असं समजू नका, आणि २००७ सारखा उलटा फिरू शकतो हेही विसरू नका. एनआरई एफडीवर (परदेशात राहणाऱ्या भारतीयांची रुपयांतली ठेव) सहा-सात टक्के मिळतात आणि इथे टॅक्स नाही म्हणून सगळे खूश असतात, पण तो पैसा पुन्हा परदेशात न्यायचा असेल तर ही सरासरी साडेचार टक्के घसरण त्यातून वजा करा, मग एफसीएनआर ही दुसरी ठेव का असते ते कळेल, तिथे ठेव परदेशी करन्सीतच राहते. दिरहमवाल्यांनी ती डॉलरमध्ये करायची, पेगमुळे फरक पडत नाही.

मग निवडायचं कसं. घरी रुपयांत मोठा हप्ता चालू आहे, चार-पाच वर्षांत परत यायचंय, तर मी दिरहम घेईन, कारण एकच रिस्क उरते आणि ती बहुतेक वर्षं तुमच्या बाजूने झुकलेली असते. तिथे नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटीही दिरहमातच, पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांचा मूळ पगार, तीही याच पेगवर उभी. बचत तिथेच साठवायची, रुपयांची घाई नाही, तर सिंगापूर, पगार रुपयांत दहा टक्क्यांनी कमी दिसत असला तरी. पाउंड मी करन्सीसाठी कधीच निवडणार नाही. लंडनला राहायचंच ठरलंय, खर्च पाउंडात, घर पाउंडात, मग पाउंड-रुपया रोज बघायचं कारणच उरत नाही आणि मग तो प्रश्नच नाही. पण तिथे कमवून इथलं कर्ज फेडायचा प्लॅन असेल तर निदान सहा महिन्यांचे हप्ते रुपयांत आधीच बाजूला ठेवून जा.

पैसे पाठवताना "फी शून्य" या पाटीवर जाऊ नका, फी शून्य असते तेव्हा कमाई रेटमध्ये लपलेली असते. बाजाराचा मधला रेट गुगलवर दिसतो तो, आणि तुम्हाला देतात तो, यातला फरक हीच खरी फी. गल्फमध्ये एक्स्चेंज हाऊसची स्पर्धा एवढी आहे की हा फरक सहसा कमी असतो, बाकीकडे बँकेने सरळ केलं तर बऱ्याचदा जास्त. सरळ विचारा, आज एवढे पाठवले तर खात्यात नक्की किती रुपये पडणार, आणि दोन-तीन ठिकाणी एकाच वेळी विचारा, कारण तासाभरात रेट हलतो. शनिवार-रविवारी शक्यतो टाळा, बाजार बंद असतो म्हणून सोमवारी काय उघडेल त्या भीतीने बरेच जण मार्जिन वाढवून ठेवतात.