मिस्टाराचे चाहत्यांनी काढलेले हेक्स नकाशे: सात महिन्यांच्या वापरानंतर

कोथरूडला आमच्या घरी दर शनिवारी डंजन्स अँड ड्रॅगन्सचा, म्हणजे टेबलाभोवती बसून कल्पनेतल्या साहसांचा, खेळ बसतो. पाच खेळाडू, आणि खेळ चालवणारा, म्हणजे डंजन मास्टर, मी. जग मिस्टाराचं, म्हणजे या खेळासाठी रचलेल्या एका जुन्या काल्पनिक जगाचं, आणि सध्या मुक्काम त्यातल्या कारामेइकोस या देशात. गेले सात महिने मी या जगाचे चाहत्यांनी काढलेले हेक्स नकाशे (षटकोनांत विभागलेले, प्रत्येक षटकोन म्हणजे ठरावीक मैल) वापरतोय, आणि आता त्यांच्याशिवाय खेळ चालवायची इच्छाच उरलेली नाही.

अधिकृत नकाशांची मुख्य अडचण मापाची. १९८१ च्या 'आयल ऑफ ड्रेड' या साहस-पुस्तिकेत खंडाचा नकाशा २४ मैलांच्या हेक्सवर होता, तर बेटाचा ६ मैलांच्या. १९८७ पासून गॅझेटियर, म्हणजे मिस्टारातल्या देशांची माहिती देणारी पुस्तकं, आले, त्यांचं माप ८ मैल. चाहत्यांनी जुनीच चिन्हं आणि जुनेच रंग ठेवून देशामागून देश ८ मैलांवर आणले आणि कडा जुळवल्या. एका देशातून निघालेली नदी शेजारच्या देशात नेमकी त्याच हेक्समध्ये उतरते, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बराच वेळ नुसता तो कोपरा बघत बसलो होतो.

८ मैल खेळायला फार सोयीचे पडतात. या खेळाच्या जुन्या 'एक्सपर्ट' नियमपुस्तकानुसार हलक्या सामानाचा माणूस मोकळ्या रानात दिवसाला २४ मैल चालतो, म्हणजे तीन हेक्स. जंगलात आणि टेकड्यांवर दोन-तृतीयांश, म्हणजे दोन हेक्स. डोंगरात आणि दलदलीत निम्मं, म्हणजे दीड. रस्ता असेल तर दीडपट, म्हणजे साडेचार. कॅल्क्युलेटर लागत नाही, बोट ठेवून मोजता येतं.

खेळाडूंना हे अंतर अंगात भिनलं ते वेगळ्याच कारणाने. आमच्यातली एकजण दोनदा माउलींच्या पालखीबरोबर पुणे ते सासवड चालली आहे. ८ मैल म्हणजे जवळपास १३ किलोमीटर. दिवे घाटासकट तो अख्खा दिवसाचा टप्पा साधारण तीस किलोमीटरचा, म्हणजे जेमतेम सव्वादोन-अडीच हेक्स. तिने पायांचे फोड, पाण्यासाठीची थांबाथांब, घाटातला वेग असं सगळं सांगितलं आणि टेबलाची हवाच बदलली. 'आम्ही थ्रेशोल्ड गावाला पोचलो' असं कुणी आता एका वाक्यात उरकत नाही. राजधानी स्पेक्युलारुमहून निघताना जंगलातून सरळ घुसायचं की रस्त्याने वळसा घ्यायचा, यावर अर्धा तास चर्चा झाली. शेवटी त्यांनीच हेक्स मोजले आणि त्यांच्या लक्षात आलं, की वळसा दुप्पट झाला तरी रस्ताच लवकर पोचवतो.

छपाईबद्दल सांगायलाच हवं. माझ्या पहिल्या दोन शीट वाया गेल्या, कारण छापताना एक कागदात बसवण्यासाठी आपोआप लहान झाली आणि दुसरी नाही. कडा जुळेचनात. 'शंभर टक्के, मूळ आकारात' असं स्पष्ट सांगा आणि दुकानातच पट्टीने एक हेक्स मोजून घ्या. गडद हिरवं जंगल कागदावर जवळजवळ काळं उतरतं आणि त्यावरची नावं बुडतात, म्हणून फाइल आधी थोडी उजळ करून घ्या. लॅमिनेशन मॅटच करा, चकचकीत शीटवर ट्यूबलाइट चमकते.

मला खटकणारी गोष्ट एकच: नकाशा सगळंच सांगून टाकतो. गावं, अवशेष, नद्यांचे उगम, सगळ्यावर नावं. पहिल्या महिन्यात तो टेबलावर पसरून ठेवला होता, आणि खेळाडू न पाहिलेल्या अवशेषांवर बोट ठेवून 'इथे जाऊ' म्हणायला लागले. शोधायला काही राहिलंच नाही. तेव्हापासून तो नकाशा डंजन मास्टर टेबलावर आपल्यासमोर उभा करतो त्या पडद्याआड असतो. खेळाडूंना कोऱ्या षटकोनांचा कागद दिलाय, जिथे पाऊल पडेल तेवढंच रंगवायचं.

त्या कागदावर आता 'लांडग्यांचा उतार', 'म्हातारीचा पूल' अशी मराठी नावं आहेत. दिम्राक जंगलाच्या कडेला त्यांचा एक ओढा माझ्या नकाशापेक्षा एक हेक्स पश्चिमेला गेलाय. मी अजून त्यांना सांगितलेलं नाही.