परदेशी स्वयंसेवकाचा एकच शनिवार-रविवार: संभाजीनगर की कोल्हापूर?

पुण्यातल्या एखाद्या संस्थेत महिनाभर काम करायला आलेली परदेशी मुलं पहिल्या आठवड्यात काही विचारत नाहीत. शाळा, मुलं, उकाडा, भाषा यातच ती थकून गेलेली असतात. दुसऱ्या आठवड्याच्या बुधवारी जेवताना प्रश्न येतो, "शनिवारी-रविवारी कुठे जाता येईल? आणि घरच्यांसाठी काय घेऊ?" आमच्या घरी अशी बरीच मुलं राहून गेली, त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर मी पुष्कळदा शोधलंय. शेवटी नावं दोनच उरतात. दोन्ही गावं पुण्याहून साधारण २३० किलोमीटरवर, पण दिशा उलट आणि मिळतं तेही वेगळं.

पाहण्यापुरतं बोलायचं तर संभाजीनगरशी तुलनाच नाही. अजिंठा आणि वेरूळ दोन्ही १९८३ साली जागतिक वारसा यादीत गेली, हे पाहुण्याला आधीच ठाऊक असतं. त्याला ठाऊक नसतं ते अंतर. वेरूळ शहरापासून ३० किलोमीटर, अजिंठा त्याच्या दुसऱ्या बाजूला सुमारे १००. अजिंठ्याला गाडी फर्दापूरच्या तिठ्यावर सोडून तिथल्या बसने पुढे जावं लागतं, मग चढण, मग मंद उजेडात चित्रांना डोळे सरावेपर्यंत थांबणं. हे सगळं घाईत करण्यासारखं नाही. मी एकदा दोन दिवसांत दोन्ही बसवलं होतं. रविवारी दुपारी दौलताबादसमोर आमची पाहुणी गाडीतच झोपली आणि किल्ला तिने पाहिलाच नाही. तेव्हापासून दोनच दिवस असतील तर मी अजिंठा सोडायला सांगते. सांगताना वाईट वाटतं, पण सांगते.

फक्त वेरूळ ठेवलं की वेळापत्रक सुटसुटीत होतं. शनिवारी सकाळी सहाला पुणे सोडा, दुपारी लेण्यांवर पोचा. ही वेळ चांगलीच आहे, कारण कैलास लेणं पश्चिमेकडे तोंड करून आहे आणि उतरत्या उन्हात त्याचा दगड उजळतो. एकूण लेणी ३४ : पहिली १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. सगळी बघायचा हट्ट धरू नका. दहावं, सोळावं आणि बत्तिसावं नीट पाहिलं तरी पाहुणा तृप्त होतो. सोळावं म्हणजेच कैलास, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं, आठव्या शतकातलं. ते वरून खाली खोदत आणलं, दगडावर दगड रचलेला नाही, हे अंगणात उभं राहून सांगा. त्या वाक्यानंतर माणूस मान वर करतो आणि बराच वेळ बोलत नाही.

जोडून सोमवारची सुट्टी मिळाली तर अजिंठाही जमेल, फक्त क्रम चुकवू नका : अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. म्हणजे अजिंठा रविवारी आणि वेरूळ सोमवारी.

पैशांचं आधीच बोलून घ्या. पुरातत्त्व खात्याचं तिकीट वेरूळला आपल्याला ४० रुपये आणि परदेशी पाहुण्याला ६००, अजिंठ्यालाही तेच. बीबी का मकबऱ्याला २५ आणि ३००. स्वतःच्या खर्चाने काम करायला आलेल्या विद्यार्थ्याला खिडकीपाशी हा आकडा अचानक कळला की तो ओशाळतो आणि मकबरा बाहेरूनच बघू म्हणतो.

कोल्हापूरचा दौरा वेगळ्या जातीचा. तिथे बघण्यासारखं आहेच. पन्हाळा जुलै २०२५मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या १२ किल्ल्यांपैकी एक म्हणून जागतिक वारसा यादीत आला. तीन दरवाजा, अंधारबाव, अंबरखान्याची धान्यकोठारं आणि १६६०च्या वेढ्याची गोष्ट यात शनिवारची सकाळ भरते. बाजीप्रभू आणि शिवा काशीद यांची नावं पाहुण्याला अवघड जातात, पण पालखीत कोण बसलं होतं आणि का, हे सांगा. ते कोणालाही कळतं. शुक्रवारी संध्याकाळी काम संपवून निघालात तर रात्री मुक्कामाला पोचता, आणि शनिवार अख्खा हातात राहतो. संभाजीनगरचा रस्ता रात्री करावासा वाटत नाही, कोल्हापूरचा महामार्ग त्यामानाने सोपा.

खरेदीत मात्र मी सरळ कोल्हापूरच्या बाजूची आहे. चप्पल लाइनीत पाहुण्याला घेऊन गेलात की तो ग्राहक राहत नाही, शिकाऊ होतो. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कातडं, खिळा न मारता चामड्याच्याच वादीने शिवलेला तळ, वरची वेणी, बाजूचे कान, हे सगळं हातात घेऊन बघता येतं. २०१९ साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्र आणि कर्नाटक अशा दोन्ही राज्यांतल्या जिल्ह्यांना मिळून. दुकानात दोन प्रश्न विचारा : तळ कातड्याचाच आहे का, आणि शिवण कशाची आहे? रबरी तळाची, यंत्रावर चिकटवलेली चप्पलही तिथेच टांगलेली असते, आणि स्वस्त दिसते म्हणून पाहुणा तिकडेच वळतो. मोठ्या पायाचा जोड तयार मिळेलच असं नाही. माप देऊन कुरियरने मागवा. चांदी हवी असेल तर हुपरी जवळच आहे. तिथले पैंजण पिशवीत जागा खात नाहीत.

संभाजीनगरला पैठणीचं नाव मोठं, पण स्वयंसेवकाच्या खिशाला ती झेपत नाही, आणि स्वस्तात मिळाली तर ती बहुधा यंत्रमागाची. पदर उलटून पाहायला शिकवा : हातमागावरच्या पैठणीत मोर मागच्या बाजूनेही तसाच स्वच्छ दिसतो, यंत्रमागावरच्यात सुटे किंवा कापलेले धागे दिसतात. पाहुण्यासाठी मी हिमरू शाल सुचवते. सूत आणि रेशमाचं विणकाम, वजनाला हलकं, आणि आई-आजी कोणालाही देता येतं. विणकर माग चालवून दाखवत असेल तर तिथे घासाघीस करू नका. किती दिवस लागले ते विचारा, मग किंमत आपोआप समजते.

मुंबईचं नाव निघतंच. तिची खरेदी भरपूर, पण कुलाब्याच्या पदपथावर देशभरातला माल येतो आणि तो कोणी केला हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. पाहुण्याचं परतीचं विमान मुंबईहून असेल तर शेवटचा दिवस तिथे द्या, शनिवार-रविवार नको.

थोडक्यात मी असं ठरवते. पाहुणा भारतात पुन्हा येईलसं वाटत नसेल आणि हाताशी तीन दिवस असतील तर संभाजीनगर. दोनच दिवस असतील, किंवा तो आठवडाभर माणसांत काम करून आता वस्तूंमागची माणसं बघायला उत्सुक असेल, तर कोल्हापूर. पावसाळ्यात मात्र मी उलटं करते : वेरूळच्या डोंगरावरून धबधबा कोसळत असतो, आणि नवी कोल्हापुरी पहिल्याच दिवशी भिजली तर कातडं फुगतं.

कुठेही जा, मुक्काम आधी फोनवर पक्का करा. परदेशी पाहुण्याची माहिती लॉजवाल्याला सरकारकडे कळवावी लागते, आणि लहान लॉज त्या कटकटीपायी खोली नाकारतात. पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती सोबत हव्यात. रोख रक्कमही थोडी जास्त घ्या. दुकानदाराच्या क्यूआरसमोर पाहुण्याचा फोन बहुतेक वेळा निरुपयोगी ठरतो, आणि तेव्हा पैसे तुम्हाला भरावे लागले तर त्याला ते आवडत नाही.

चप्पल घेतलीत तर घरी आल्यावर त्याला तळाला तेल लावायला शिकवा आणि पहिले चार दिवस घरातल्या घरात घालायला सांगा. कान मऊ पडल्यावरच ती पायाची होते.