पाण्यातील ट्रायहॅलोमिथेनची तपासणी: नमुना चोख, अहवाल अपुरा

आमच्या मुलुंडच्या सोसायटीने यंदा पावसाळ्यात एका खासगी प्रयोगशाळेकडून पिण्याच्या पाण्यातील ट्रायहॅलोमिथेनची तपासणी करून घेतली. पावसाबरोबर धरणांत माती आणि पालापाचोळा वाहून येतो, त्यातील सेंद्रिय द्रव्यांशी क्लोरिनची क्रिया होऊन क्लोरोफॉर्मसारखी संयुगे, म्हणजेच ट्रायहॅलोमिथेन, तयार होतात. त्यामुळे तपासणीसाठी हाच काळ योग्य होता.

नमुना घेण्याचे काम मी शेजारी उभी राहून पाहिले आणि ते खरोखर वाखाणण्याजोगे होते. तंत्रज्ञाने महापालिकेच्या जोडणीचा नळ आणि गच्चीवरच्या टाकीचे पाणी येणारा स्वयंपाकघरातला नळ, दोन्ही काही वेळ वाहू दिले. क्लोरिनची क्रिया तिथेच थांबावी म्हणून सोडियम थायोसल्फेट घातलेल्या काचेच्या छोट्या कुप्या सावकाश काठोकाठ भरल्या आणि झाकण लावून प्रत्येक कुपी उलटी करून पाहिली. एकीत बारीकसा बुडबुडा दिसताच ती बाजूला ठेवून त्याने दुसरी भरली, कारण क्लोरोफॉर्म उडून जाणारे असल्याने तेवढ्या हवेतही त्याचा अंश निसटतो. कुप्या लगेच बर्फाच्या पेटीत गेल्या.

अहवालाने मात्र निराशा केली. भारतीय मानक आयएस 10500 मध्ये या गटातील चार संयुगांच्या मर्यादा वेगवेगळ्या दिल्या आहेत: लिटरमागे क्लोरोफॉर्म 0.2 मिलिग्रॅम, ब्रोमोफॉर्म आणि डायब्रोमोक्लोरोमिथेन प्रत्येकी 0.1, तर ब्रोमोडायक्लोरोमिथेन 0.06. आम्हाला मिळाली ती चौघांची एकच बेरीज आणि पुढे ‘समाधानकारक’ हा शेरा. गॅस क्रोमॅटोग्राफीत, म्हणजे मिश्रणातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या चाचणीत, हे आकडे सुटे मिळतातच. मग पैसे मोजणाऱ्या ग्राहकाला ते मागावे का लागावेत? बराच पाठपुरावा केल्यावर सुधारित अहवाल आला. चारही आकडे मर्यादेत होते, आणि टाकीत साठून राहिलेल्या पाण्यात क्लोरिनची क्रिया चालूच राहत असल्याने स्वयंपाकघरातले प्रमाण जोडणीपेक्षा थोडे अधिक होते.

सोबतच्या पत्रकातील ‘क्लोरिनमुक्त पाणी प्या’ हा सल्ला मला मुळीच पटला नाही. नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम मुक्त क्लोरिन राहिलेच पाहिजे, कारण कॉलरा आणि काविळीचा धोका या संयुगांच्या धोक्याहून कितीतरी मोठा आणि तातडीचा आहे. ही संयुगे कमी करायची असतील तर घरात पिण्यापुरत्या पाण्याला सक्रिय कार्बनची गाळणी लावावी आणि तिचे काडतूस वेळेवर बदलावे. ही सेवा मी पुन्हा घेईन, मात्र चारही संयुगांचे आकडे स्वतंत्र देण्याची अट आधी लेखी मान्य करून घेऊनच.