आमच्याच आयडीवरून गिऱ्हाइकाला गंडा

मार्च २०२३ ची अखेर. येणी गोळा करायची धावपळ चालू होती. चाकणच्या एका जुन्या गिऱ्हाइकाच्या अकाउंट्समधल्या मॅडमना फोन लावला आणि जानेवारीच्या बिलाची आठवण केली.

"सर, पैसे टाकून नऊ दिवस झाले. तुम्ही पोचसुद्धा दिलीत की."

"कुठल्या खात्यावर?"

"तुम्ही मेलवर कळवलेल्या नवीन खात्यावर."

आमचं नवीन खातं नव्हतंच. रक्कम ४,३७,५०० रुपये. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे, सहा माणसं आहेत. पगाराला आठवडा राहिलेला.

पहिला संशय त्यांच्यावरच घेतला, हे कबूल करतो. पण त्यांनी मेल पुढे पाठवला आणि माझी बोलतीच बंद झाली. आयडी आमचाच होता, एका अक्षराचाही फरक नाही. खाली माझी सही, कारखान्याचा पत्ता, वर माझ्या सवयीचं "नमस्कार मॅडम". आमच्या आउटलुकमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या मेलच्या प्रोग्रॅममध्ये, मात्र असा मेल पाठवल्याची खूणच नाही. मॅडमचं उत्तरही नाही.

भाचा पुण्यात आयटीत आहे. तो आला आणि त्यानं आउटलुकऐवजी ब्राउझरमधून वेबमेल उघडला. तिथं मी कधी न केलेला एक फोल्डर होता. त्यात मॅडमचे चार मेल. शेवटचा, "पेमेंट केले आहे, कृपया पोच कळवा." चोरानं पोच दिली होती, धन्यवाद म्हणून.

आम्ही मेल घ्यायचो पॉप-३ वर, ही सर्व्हरवरून मेल उतरवून घ्यायची जुनी पद्धत. पॉप फक्त इनबॉक्स उतरवून घेतं, सर्व्हरवरचे बाकीचे फोल्डर त्याला दिसत नाहीत. चोरानं वेबमेलमध्ये फिल्टर लावला होता, या गिऱ्हाइकाचा मेल आला की थेट त्या फोल्डरात. त्यानं पाठवलेले मेल सर्व्हरच्या सेंटमध्ये पडून राहिले. आम्ही रोज सकाळी मेल बघत होतो आणि आमच्याच पेटीत दुसरा माणूस पत्रव्यवहार करत होता!

पासवर्ड गेला कसा? "मामा, तुमचं सेटिंग बघा," भाचा म्हणाला. पोर्ट, म्हणजे मेल ज्या दारातून ये-जा करतो त्याचा नंबर, ११०. एन्क्रिप्शन, म्हणजे मजकुराला कुलूप, काही नाही. त्यानं लॅपटॉपवर वायरशार्क, म्हणजे नेटवर्कवरून काय जातंय ते दाखवणारा प्रोग्रॅम, चालू केलं आणि मला सेंड-रिसीव्ह दाबायला सांगितलं. स्क्रीनवर दोन ओळी आल्या. पहिलीत यूजर आणि आमचा आयडी, दुसरीत पास आणि त्याच्यापुढं माझा पासवर्ड, जसाच्या तसा. गावाचं नाव आणि जन्मसाल. चहा घेऊन आलेल्या बायकोनंही तो वाचला.

कोल्हापूरच्या गंगावेशीत भर चौकात उभं राहून तिजोरीचा नंबर ओरडावा, तसं आउटलुक दर दहा मिनिटांनी करत होतं. जानेवारीत इमटेक्स या मशीनच्या प्रदर्शनासाठी बंगळुरूला तीन रात्री लॉजवर होतो. तिथलं वायफाय फुकट, पासवर्डशिवाय. लॅपटॉप आठ तास चालू राहिला तरी एका रात्रीत अठ्ठेचाळीस वेळा पासवर्ड हवेत गेला. तिथंच चोरला हे मी कोर्टात सिद्ध करू शकणार नाही. पण होस्टिंगवाल्याच्या, म्हणजे ज्याच्या सर्व्हरवर आमचे मेल राहतात त्याच्या, नोंदीत आमच्या वेबमेलला परराज्यातून पहिलं लॉगिन दिसतं ते फेब्रुवारीतलं.

हे सेटिंग २०११ सालचं, वेबसाइट करून देणाऱ्या पोरानं केलेलं. तेव्हा एसएसएल, म्हणजे लाइनीचं एन्क्रिप्शन, चालू केलं की सर्टिफिकेटची, म्हणजे सर्व्हरच्या ओळखपत्राची, सूचना यायची, कारण सर्टिफिकेट होस्टिंगवाल्याच्या सर्व्हरच्या नावावर आणि आम्ही घातलेलं नाव आमच्या डोमेनचं. सर्व्हरचं खरं नाव घातलं असतं तर प्रश्न मिटला असता. त्यानं एसएसएलच बंद केलं. कटकट गेली म्हणून मीही खूश झालो होतो.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, सायबर पोर्टलवर तक्रार टाकली. पण नऊ दिवसांत पैसे तीन खाती फिरले होते, ४१,००० तेवढे गोठले. ही तक्रार तासाभरात गेली तर उपयोग, हे तिथल्या हवालदारानंच सांगितलं. उरलेल्याचं काय? चाकणवाले म्हणाले, मेल तुमच्याच आयडीवरून आला. मी म्हणालो, खातं बदललं तर एक फोन करायचा होता. महिनाभर ताणाताणी झाली, शेवटी निम्मं निम्मं. आता एनईएफटी करताना खातेदाराचं नाव दिसायची सोय आहे, रिझर्व्ह बँकेनं १ एप्रिल २०२५ पर्यंत ती द्यायला बँकांना सांगितलं होतं. आमच्या वेळी नाव कुणी जुळवत नव्हतं, खातं क्रमांक आणि आयएफएससी बरोबर असला की पैसे जायचे.

तुमच्याकडं आउटलुक किंवा थंडरबर्ड असेल तर अकाउंट सेटिंग उघडून पोर्ट बघा. पॉप असेल तर ९९५, आयमॅप (सर्व्हरवरचे सगळे फोल्डर दाखवणारी पद्धत) असेल तर ९९३, आणि सुरक्षेच्या जागी एसएसएल/टीएलएस (टीएलएस म्हणजे एसएसएलचीच नवी आवृत्ती). स्टार्टटीएलएस हा पर्याय आधी उघडं बोलणं सुरू करतो आणि मग कुलूप लावतो. "जमलं तर एन्क्रिप्शन" असं सेटिंग असेल तर लाइनीच्या मध्ये बसलेला चोर ते कुलूप लागूच देत नाही. तिथं "नॉर्मल पासवर्ड" असं दिसतं त्याला मी घाबरलो होतो, पण आख्खी लाइनच टीएलएसमध्ये असेल तर त्यात धोका नाही. उलट "एन्क्रिप्टेड पासवर्ड" नुसता निवडून लाइन उघडी ठेवली, तर पासवर्ड लपतो आणि बिलं, कोटेशनं सगळी वाचता येतात. मेल पाठवायचं सेटिंग वेगळं असतं, तेही बघा. आणि पासवर्ड बदलताना वेबमेलमधले फिल्टर उघडून बघा, नाहीतर चोर गेला तरी त्याचा फिल्टर काम करत राहतो.

आम्ही आयमॅपवर आलो, पासवर्ड बदलला, वेबमेलला ओटीपी लावला. भाच्यानं होस्टिंगवाल्याला सांगून आमच्या डोमेनसाठी ११० बंद करून घेतलं. दुसऱ्या दिवशी डिस्पॅचचा पोऱ्या तक्रार घेऊन आला, मोबाइलवर मेल येत नाहीत म्हणून. नवा पासवर्ड मीच त्याला दिला होता, त्यानं तो जुन्याच सेटिंगमध्ये टाकला होता. फोन बघितला. पोर्ट ११०.