सतत बिघडणारी जुनी गाडी: दुरुस्त करून ठेवावी की विकून दुसरी घ्यावी?

वापरलेली गाडी वारंवार बंद पडू लागली आणि मेकॅनिकने एखाद्या मोठ्या कामाचा अंदाज सांगितला, की बहुतेक मालकांसमोर विचार करण्याजोगे दोनच पर्याय उरतात: ते काम करून गाडी ठेवणे, किंवा ती आहे त्या स्थितीत विकून दुसरी वापरलेली गाडी घेणे. कोरी गाडी घेणे हा तिसरा मार्ग आहे. तिला वॉरंटी असते, मात्र तिची किंमत पहिल्या काही वर्षांतच सर्वाधिक वेगाने घसरते. त्यामुळे केवळ दुरुस्तीच्या बिलांना कंटाळून तो मार्ग धरणे हा बहुधा सर्वांत महागडा उपाय ठरतो.

दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक झाला तर गाडी विकावी, असा एक ठोकताळा नेहमी सांगितला जातो. तो लक्षात ठेवायला सोपा आहे, परंतु त्यात तुलना चुकीच्या आकड्यांची होते. दुरुस्तीचा खर्च ताडून पाहायचा असतो तो दुसरी गाडी घेतल्यास पुढील वर्षभरात होणाऱ्या एकूण खर्चाशी. समजा, आपली गाडी चालू स्थितीत १०० एककांना विकली जाईल, बिघाडासह तिचे ४० मिळतील आणि दुरुस्तीला ५५ लागतील. ठोकताळ्यानुसार ती विकायला हवी. पण ती ठेवली तर आपण ४० सोडतो आणि ५५ घालतो, म्हणजे ९५ गुंतवतो. वर्षाअखेरीस तिचे ८० येत असतील, तर १५ घसाऱ्यात गेले. त्यात इतर किरकोळ दुरुस्त्यांचे ३० मिळवले, तर वर्षाचा खर्च ४५ होतो. याउलट २२० ची दुसरी गाडी घेतली, नावावर करणे, टायर, बॅटरी आणि पहिली सर्व्हिसिंग यांसाठी २० घातले, वर्षाअखेरीस तिचे १९० येत असले आणि दुरुस्तीला १० च लागले, तरी खर्च ६० होतो. येथे दुरुस्ती स्वस्त पडली, पण फरक अवघ्या १५ चा आहे आणि मध्यम आकाराचा आणखी एक बिघाड तो खाऊन टाकतो. म्हणून खरा प्रश्न असा की हे काम झाल्यावर पुढचे मोठे काम लगेच उभे राहण्याची शक्यता किती आहे. त्याचे उत्तर बिघाडाच्या प्रकारावर अवलंबून असते.

क्लचप्लेट, शॉक अब्सॉर्बर, सस्पेन्शनचे बुश, अल्टरनेटर, वॉटर पंप यांचा बिघाड हा झिजेचा असतो. चांगला भाग बसवला की तो प्रश्न काही वर्षांसाठी मिटतो, आणि अशी बिले एकाच वर्षात ओळीने आली तरी त्यावरून गाडी टाकाऊ ठरत नाही. ठरावीक वयाला हे भाग साधारण एकाच सुमारास संपतात. पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची हालचाल जुळवून ठेवणारा टायमिंग बेल्ट याच गटातला, मात्र त्याच्याशी चालढकल करता येत नाही. बऱ्याच इंजिनांत तो तुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात आणि नियमित देखभालीचे काम इंजिन खोलण्यापर्यंत जाते. बेल्ट बदलताना तो ताणून धरणारा टेन्शनर आणि, पंप त्याच बेल्टवर चालत असेल तर, वॉटर पंपही बदलून घ्यावा, कारण मजुरीचा मोठा भाग तेथवर पोहोचण्याचाच असतो.

दुसरा गट संशयाचा आहे, आणि त्यात इंजिन गरम होणे सर्वांत वरचे. एकदा जोरात तापलेल्या इंजिनाचे ॲल्युमिनियमचे हेड (सिलिंडरवरचे झाकण) वाकलेले असू शकते. ते न तपासता आणि सपाट करून न घेता नुसते गॅस्केट (हेडखालचे सील) बदलले, तर तोच बिघाड परत येतो. बाहेर गळती न दिसता कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) कमी होत जाणे आणि इंजिन तापल्यानंतरही पांढरा धूर येत राहणे ही त्याची लक्षणे. ऑइलच्या झाकणाखाली दुधट थर दिसला की घाबरून निर्णय घेतला जातो, परंतु थंड हवेत फक्त छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत तो नुसत्या दमटपणानेही साचतो. म्हणून कूलंटच्या दाबाची आणि सिलिंडरच्या कॉम्प्रेशनची चाचणी झाल्याशिवाय मोठ्या कामाला होकार देऊ नये. निळसर धूर काढत ऑइल पिणारे इंजिन आणि गिअर पडायला वेळ लावणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सही याच गटात येतात: काम किती निघेल हे खोलल्यावरच कळते, आणि सांगितलेला अंदाज हा खर्चाचा तळ असतो.

तिसरा गट मी सर्वांत वाईट मानतो: कधी दिसणारा, कधी नाहीसा होणारा विजेचा बिघाड. गाडीच्या संगणकाला जोडलेला स्कॅनर बिघाडाचा जो कोड दाखवतो त्यावरून बिघाड कोणत्या यंत्रणेत आहे हे कळते. कोणता भाग खराब आहे हे दर वेळी कळत नाही. ‘पी०४२०’ हा कोड आला की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा भाग) बदलायला सांगितले जाते, पण मूळ कारण मिसफायर (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणे), एक्झॉस्टची गळती किंवा सेन्सर हेही असू शकते. अंदाजाने एकामागून एक सुटे भाग बदलले जात असतील, तर आपण गाडीच्या नव्हे, शोधाच्या खर्चात आहोत हे ओळखून एकतर निदान करणारा माणूस बदलावा किंवा गाडी विकावी. पुराच्या पाण्यात भिजलेल्या गाडीची वायरिंग आणि सस्पेन्शन जेथे बसते त्या भागातला पत्रा पोखरणारा गंज यांबाबत तर फार विचार करण्याचे कारण नाही. अशी गाडी ठेवू नये.

काही बिघाड आपल्या वापरातून येतात, आणि ते गाडी बदलूनही सुटत नाहीत. डिझेल गाडीच्या एक्झॉस्टमधील फिल्टरमध्ये साचलेली काजळी जळून जाण्यासाठी इंजिन पुरेसा वेळ तापलेले राहावे लागते. रोजची धाव चार-पाच किलोमीटरची असेल, तर नवा फिल्टरही तुंबेल आणि त्या जागी घेतलेल्या दुसऱ्या डिझेल गाडीचाही.

आतापर्यंत घातलेले पैसे हिशेबात धरू नयेत, हा सल्ला योग्यच आहे, पण अर्धाच. ते पैसे ‘आता इतके घातलेच आहेत’ असे म्हणण्याचे कारण होऊ शकत नाहीत. मात्र त्यांतून बसलेले नवे भाग पुढील दोन-तीन वर्षांचा खर्च कमी करतात, म्हणून ते भाग जरूर मोजावेत. तसेच गाडी गॅरेजमध्ये उभी राहिल्याचे दिवस, टोचन करून आणण्याचा खर्च आणि बुडालेले काम हे सगळे बिलात दिसत नाही. घरात दुसरे वाहन असणाऱ्याला ही गैरसोय सोसते. एकाच गाडीवर नोकरी अवलंबून असणाऱ्याने वरच्या उदाहरणातील १५ च्या फरकासाठी तो धोका पत्करू नये.

विकून दुसरी घेण्यातली अडचण अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकर्लॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्याच उदाहरणाने मांडली, आणि २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल ज्या कामासाठी त्यांना विभागून मिळाले त्याचा पाया तोच. गाडी कशी आहे हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सरासरी गाडीचा भाव देतो, त्या भावाला चांगल्या गाडीचा मालक विकत नाही आणि बाजारात वाईट गाड्यांचे प्रमाण वाढते. आपण आपली गाडी ज्या कारणाने विकायला काढली, त्याच कारणाने समोरच्यानेही त्याची काढली असेल, हे गृहीत धरूनच पाहायला जावे. इंजिन पूर्ण थंड असताना सुरू करून पाहावे, देखभालीच्या पावत्या मागाव्यात आणि स्वतःच्या मेकॅनिककडून स्कॅनर लावून घ्यावा. कोड एकही नाही, पण गाडीचा संगणक स्वतःहून करत असलेल्या अंतर्गत चाचण्या अपूर्ण दिसत आहेत, असे आढळले तर कोड नुकतेच पुसलेले असण्याची शक्यता असते. बॅटरी काढून लावल्यानेही तसे होते, म्हणून काही दिवस गाडी चालवून पुन्हा तपासू द्यावी असे सांगावे आणि नकार आला तर तेथून निघावे.

आपली गाडी विकताना मोठे काम करून मग विकणे सहसा परवडत नाही, कारण घातलेला खर्च पूर्णपणे भावात परत येत नाही. बिघाड स्पष्ट सांगून, निदानाचा कागद दाखवून विकणे बरे. त्याने नंतरचे तंटेही टळतात. निर्णय मात्र इंजिन किंवा गिअरबॉक्स खोलण्यापूर्वी घ्यावा लागतो. निदानाचे पैसे वेगळे देऊन तेवढेच काम आधी करून घ्यावे, कारण रखडत का होईना चालणाऱ्या गाडीला गिऱ्हाईक मिळते, पण खोलून ठेवलेली गाडी कोणी चालवून पाहू शकत नाही आणि तिला बहुधा भंगाराचाच भाव येतो.