रिटर्न लाईन चेक करायची तर स्कॅनर की बाटली टेस्ट?

कॉमन रेल डिझेल गाडी (जिच्यात एकाच हाय प्रेशर नळीतून, म्हणजे रेलमधून, इंजिनात डिझेल फवारणाऱ्या सगळ्या इंजेक्टरना डिझेल जातं) गरम झाल्यावर सेल्फ नुसता फिरतोय पण उचलत नाही, असं असेल तर बरेच जण आधी स्कॅनरच (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र) लावतात. लावा की, वाईट काही नाही. रेल प्रेशर किती हवं आणि प्रत्यक्षात किती बनतंय ते लगेच दिसतं, साधारण २०० बारच्या आसपास गेल्याशिवाय बऱ्याच गाड्या स्टार्टच होत नाहीत. पण प्रेशर कमी दाखवलं म्हणजे पंप गेला, प्रेशर सांभाळणारा रेग्युलेटर लीक आहे का इंजेक्टर रिटर्न लाईनने जास्त डिझेल टाकीकडे मागे सोडतोय, हे स्कॅनर सांगत नाही, आणि इथेच लोकांना उगाच पंप बदलायला लावतात.

बाटली टेस्टला खर्च जवळपास शून्य. प्रत्येक इंजेक्टरची रिटर्न नळी काढून तिथे पारदर्शक नळी आणि सारख्या मापाची बाटली, मग गाडी गरम करून काही मिनिटं आयडलवर. तीन बाटल्यांत तळाला थोडंसं आणि चौथीत दुप्पट-तिप्पट, तर चोर सापडला. चारही सारख्याच भरल्या तर मात्र रिटर्न किती चालतो हा कंपनीचा आकडा बघावाच लागतो. कटकट एवढीच की रिटर्नच्या प्लास्टिक क्लिपा जुन्या गाडीत हात लावला की तुटतात, आणि हाय प्रेशर पाईप चालू इंजिनवर अजिबात सैल करू नका, ती धार कातडीत घुसते.

मी तरी आधी बाटल्याच लावेन.